उस्तादाला चिकटलेलं फ्रेंच आडनाव

काकासाहेब ढोकणे घड्याळ बघून मारायचे. पहाटे साडेचारला शिट्टी. पावणेपाचला जो ग्राउंडवर नाही त्याला पाच फटके, पाचला जो नाही त्याला दहा. ताप असो, उलट्या असोत, घरी कुणी मेलेलं असो. एकदा एका पोराच्या आज्याचं मयत झालं आणि तो रडत रडत सव्वापाचला सांगायला आला, तर उस्तादांनी आधी दहा मोजले, मग स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून त्याला एसटी स्टँडला सोडलं. असा माणूस. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

राहुरीहून शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, दोन उसाच्या फडांच्या मधोमध त्यांची भरती अकॅडमी होती. पत्र्याचं लांबलचक शेड, मुरमाचा चारशे मीटरचा ट्रॅक, चढायचा दोर, पाण्याचा हौद. काकासाहेब फौजेतून नायब सुभेदार होऊन उतरलेले. सतरा वर्षं कवायत शिकवलेली. पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. पोलीस भरती, मिलिटरी, केंद्राची दलं, सगळ्यांची पोरं एकाच पत्र्याखाली तयार व्हायची आणि खरं सांगायचं तर लागायचीही. म्हणून तर आईबाप रांग लावायचे.

आणि आईबापच काठी आणायचे! हे बाहेरच्याला पटत नाही, पण तिथला रिवाजच तो. पोराला दाखल करताना बापानं नारळ, हार आणि एक काठी उस्तादांच्या हातात द्यायची. काठीवर ऑइलपेंटनं पोराचं नाव. शेडच्या भिंतीला चव्वेचाळीस खिळे आणि चव्वेचाळीस काठ्या. ज्याची चूक, त्याच्याच बापाच्या काठीनं त्याला मार. शहाणे बाप निरगुडीची हलकी काठी आणायचे. बांबूची आणायचे. पण पाथर्डीकडच्या कचरू साळवेनं काय आणावं? कुऱ्हाडीचा दांडा! अख्खा जन्म ऊसतोडीत घालवलेला माणूस. पोराला द्यायचं ते घरातलं सगळ्यात भारी द्यायचं, एवढंच त्याला कळत होतं.

"उस्ताद, बाभळीचा हाय," कचरू छाती फुगवून म्हणाला होता. "ह्यो मोडायचा न्हाई."

उस्तादांनी दांडा हातात तोलला आणि कधी नव्हे ते हसले. शेजारी उभ्या त्याच्या पोराचा, प्रशांतचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

हे सगळं वाल्मिक दुशिंग शेडच्या दारातून बघत होता. वाल्मिक म्हणजे तिथला इंग्रजी आणि सामान्यज्ञानाचा मास्तर. वय चौतीस. स्वतः तीनदा भरतीला उभा राहिलेला, तिन्ही वेळा उंचीत एका सेंटीमीटरनं गेलेला. बारीक अंगाचा, वाचनाचा नाद असलेला, आणि भित्रा. हो, भित्राच. त्याला स्वतःलाही ते माहीत होतं. मार चालू झाला की तो खडू शोधायच्या निमित्तानं आत जायचा.

प्रशांतवर त्याचा जीव होता. चोवीस वर्षांचा पोर, मागच्या भरतीत एका मार्कानं राहिलेला. सोळाशे मीटर असा पळायचा की बघत राहावं. ह्या खेपेला तो लागणार हे उस्तादांनाही ठाऊक होतं. चौदा मेला त्याचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी होती आणि सगळ्या अकॅडमीत तेवढीच एक तारीख त्याला दिसत होती.

तर मार्चमधली गोष्ट. वाल्मिकनं फळ्यावर एक शब्द लिहिला. मार्टिनेट.

"हे मुळात एका माणसाचं आडनाव," त्यानं सांगितलं. "फ्रान्सच्या राजाच्या फौजेत, साडेतीनशे वर्षांपूर्वी, मार्टिने नावाचा अधिकारी होता. कवायत घ्यायचा. पाऊल वाकडं पडलं की सोडत नसे. फ्रेंच लोक शेवटचा ट खातात, इंग्रजांनी तो खणखणीत उच्चारला. आणि आडनावाचा शब्द झाला. आता इंग्रजीत कुणालाही म्हणतात. बारक्याबारक्या नियमांवरून हाताखालच्यांचा जीव खाणारा माणूस तो मार्टिनेट. लक्षात ठेवा, कौतुकानं म्हणत नाहीत. पाठीमागं, दात खाऊन म्हणतात. चला, वाक्यात उपयोग करा."

प्रशांत उठला. खिडकीतून ग्राउंडकडं एक नजर टाकली, तिथं उस्ताद हातात घड्याळ धरून उभे होते.

"सर, आवर उस्ताद इज अ मार्टिनेट."

मग काय हसली पोरं! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. बाकावर हात आपटले. सोललेली कोपरं, सुजलेल्या पोटऱ्या, पाठीवरचे वळ, सगळं त्या एका वाक्यात बसलं होतं. वाल्मिकही हसला. त्यानं फळा पुसला, पण पुसून काय होतंय? आठ दिवसांत तो शब्द हौदावर, मेसमध्ये, दोराखाली, सगळीकडं झाला. "मार्टिनेट आला रे!" म्हटलं की झोपलेलं पोर ताडकन उठायचं.

आणि एका सकाळी तो उस्तादांच्या कानावर गेला.

वाल्मिक वह्या तपासत बसला होता. समोर सावली पडली. काकासाहेब उभे, हातात कुणाची तरी काठी.

"मास्तर, हे मार्टिनेट म्हंजे काय?"

वाल्मिकची पाचावर धारण बसली. काठीवर कुणाचं नाव आहे ते त्यानं आधी बघितलं, जणू स्वतःचंच दिसणार होतं.

"आडनाव आहे उस्ताद. फ्रेंच राजाचा मोठा अधिकारी होता. कवायतीचा बाप. शिस्त म्हणजे त्यानंच शिकवली असं मानतात. इंग्रजीत शिस्तीच्या माणसाला त्याचंच आडनाव लावतात."

एवढंच सांगितलं. पुढचं गिळलं. अर्धं खरं सांगून अर्धं पोटात ठेवणाऱ्या माणसाला वाटतं की आपण खोटं बोललो नाही. मेल्या, तेच तर खोटं!

काकासाहेब बाकावर बसले. काठी मांडीवर आडवी.

"आडनाव? निस्तं आडनाव, आन् त्याचा शब्द झाला? साडेतीनशे वर्सं लोक बोलत्यात?"

"हो."

"सतरा वर्सं कवायत शिकिवली मी, मास्तर. माझं नाव आमच्या गावच्या कमानीवर न्हाई. पोरं लागत्यात, वर्दी घालून पेढं वाटत्यात, आन् मला इसरत्यात." त्यांचा आवाज चक्क ओला झाला होता. "आन् ही पोरं मला त्या नावानं हाक मारत्यात व्हय? मग पाठीमागं का मारत्यात? तोंडावर मारा म्हना!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या रांगेत चव्वेचाळीस पोरं कोरसमध्ये ओरडायला लागली, "जय हिंद, मार्टिनेट उस्ताद!" ओठ चावून चावून ओरडायची. एकाला हसू फुटलं, त्याला "रांगेत दात दाखविले" म्हणून पाच बसले. मग फ्लेक्स आला. पंधरा फुटी. उस्तादांचा वर्दीतला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, 'जिल्ह्याचे मार्टिनेट'. वाल्मिक रोज त्या फ्लेक्सखालून आत जायचा आणि रोज ठरवायचा, आज सांगतो. चाळीस दिवस तो रोज ठरवत होता.

पोरं भरतीपर्यंत तिथंच राहणार होती, तरी एक मेलाच निरोप समारंभ ठेवला. पोरांचे आईबाप आले, दोनशे माणूस जमलं. पाहुणा म्हणून पुण्याचा एक निवृत्त पोलीस अधिकारी बोलावला होता. तो गाडीतून उतरला, फ्लेक्स वाचला आणि जागच्या जागी थांबला. भाषणाला उभा राहिला तेव्हाही त्याचं हसू आवरत नव्हतं.

"ढोकणेसाहेब, हा फ्लेक्स कुणी केला हो?" तो माइकवर म्हणाला. वाईट माणूस नव्हता, जिभेला हाड नव्हतं एवढंच. "अहो, हे कौतुक नाही! नियमाचा बडगा उगारून माणसाला पिळून काढतो ना, त्याला मार्टिनेट म्हणतात. आमच्या खात्यात सायबाला तोंडावर असं कुणी म्हणालं असतं तर त्याची बदलीच! तुम्ही स्वतःचा पंधरा फुटी अपमान लावून घेतलाय!"

आईबाप हसले. काही पोरंही हसली, न राहवून. काकासाहेब हातात शाल घेऊन पाहुण्याच्या मागं उभे होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा पडला. पण त्यांनी शाल घातली, नारळ दिला, कडक सॅल्यूट ठोकला. पाहुण्याची गाडी गेल्यावर शिडी मागवली आणि स्वतः वर चढून फ्लेक्स फाडला. वाल्मिकला तेव्हा त्यांची खरोखर दया आली. दयेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप लागलं. मोबाईल जमा झाले. काकासाहेब आधी वाल्मिककडं आले.

"मास्तर, ह्यो दुसरा अर्थ तुमाला ठावा हुता?"

"नाही उस्ताद."

बघा! परत तेच. पहिल्या वेळी अर्धं होतं, ह्या वेळी पुरं खोटं.

"मला वाटलंच. तुमी साधं मानूस. पोरांनीच मोबाईलवर शोधला असनार." आणि ते ग्राउंडकडं वळले.

नऊ वाजले होते, मुरूम तापायला लागला होता. "ह्यो शब्द पयल्यांदा कोन बोललं?" कुणी हललं नाही. "बरं. रगडा!"

रगडा म्हणजे काय ते ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत. ट्रॅकवर कोलांट्या, मग कोपरांवर सरपटत एक फेरी, मग डोकं खाली टेकवून हात पाठीमागं. परत कोलांट्या. दहा वाजता पहिलं पोर ओकलं. त्याला त्याच ओकारीवरून सरपटायला लावलं. साडेदहाला एकाच्या कोपराचं कातडं लोंबायला लागलं आणि मुरमात रक्ताच्या दोन रेघा मागं पडत गेल्या. संदीप नावाचं नगरचं पोर बेशुद्ध पडलं, त्याच्या तोंडावर हौदाचं पाणी मारून परत उभं केलं. काकासाहेब ओरडत नव्हते. दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न, त्याच आवाजात. "कोन बोललं?"

वाल्मिक शेडच्या दारात उभा होता. एक वाक्य. एवढंच लागत होतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

अकराच्या सुमाराला प्रशांत उठून उभा राहिला. गुडघे सोललेले, तोंडात माती.

"मी बोललो, उस्ताद. बाकीच्यांना सोडा."

"अर्थ कुठून कळला?"

प्रशांतनं शेडकडं बघितलं. सरळ वाल्मिकच्या डोळ्यात बघितलं. मग मान वळवली.

"मोबाईलवर."

अरे देवा. त्या पोरानं मास्तरला वाचवलं होतं!

काकासाहेब शेडमध्ये आले, वाल्मिकच्या अंगाला घासून गेले, आणि 'प्रशांत कचरू साळवे' लिहिलेला दांडा खिळ्यावरून काढला. आजवर तो त्यांनी कधी वापरला नव्हता. प्रशांतला दोराच्या खांबाला हात धरून उभं केलं. पहिला फटका मांडीवर बसला. काठीचा आवाज आणि दांड्याचा आवाज ह्यात फरक असतो. काठी वाजते. दांडा आत जातो. दुसरा, तिसरा. प्रशांत ओरडला नाही, पण त्याचे डोळे मोठे मोठे होत गेले. चौथा पोटरीवर बसला आणि त्याचा पाय दुमडला. "सरळ!" तो सरळ झाला. पाचवा त्याच पोटरीवर. ह्याच पायांवर त्याला बारा दिवसांनी पळायचं होतं! सहाव्याला त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, गुरासारखा, आणि रांगेतली पोरं रडायला लागली.

सातव्याला दांडा वर गेला तेव्हा वाल्मिक खांबाकडं पळत सुटला होता.

"थांबा उस्ताद! मी शिकवला! अर्थ मी शिकवला, मीच तुमच्यापासून लपवला!"

काकासाहेबांचा हात हवेत थांबला.

"पोराला वाचवायला खोटं बोलताय, मास्तर."

"नाही. मार्चमध्ये खोटं बोललो. आज सकाळी खोटं बोललो. आत्ता खरं सांगतोय." वाल्मिकचं तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. "फळ्यावर मी लिहिलं. वाक्यात उपयोग करा म्हणून मीच सांगितलं. ह्या पोरानं फक्त धडा म्हणून दाखवला. आणि तो शब्द तुम्हाला लागू पडतो, उस्ताद! पुरेपूर लागू पडतो! त्या फ्रेंच माणसाचं आडनाव इंग्रजांनी घासून घासून वापरलं ते तुमच्यासारख्यांसाठीच!"

पुढचं वाल्मिकला नीट आठवत नाही. दांडा बरगडीत बसला आणि आतला सगळा वारा निघून गेला. तो खाली पडला, तर दुसरा खांद्यावर. तिसरा तोंडावर. दात जिभेवर आला, तो त्यानं रक्ताबरोबर थुंकला. काकासाहेब मोजत नव्हते. पहिल्यांदाच मोजत नव्हते! तोंडातून फेस येत होता, "माझं हसं केलं! दोनशे लोकांत माझं हसं केलं!" असं काहीतरी ओरडत होते, आणि रडतही होते. दांडा पुन्हा वर गेला. हा डोक्यातच बसणार, हे वाल्मिकला खालून स्पष्ट दिसलं.

तो बसला नाही. प्रशांतनं मागून दांडा धरला. एका पायावर उभं राहून, दोन्ही हातांनी पिरगाळून ओढून घेतला. काकासाहेब वळले. आणि प्रशांतनं हाणला. जन्मभर ऊस तोडणाऱ्याच्या पोराच्या हातात जेवढी ताकद असते तेवढी सगळी लावून, समोरून, कपाळावर हाणला.

उस्ताद आडवे झाले. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. प्रशांतनं दांडा परत उचलला. त्याच्या तोंडावर माणसाचं काही राहिलं नव्हतं. "मारतोच आज! जीवच घेतो!" तो किंचाळत होता. वाल्मिकनं मोडक्या बरगड्यांनिशी त्याच्या कमरेला मिठी मारली, त्याला खाली पाडलं, त्याच्या अंगावर पडला. हातातला दांडा एकेक बोट उचकटून काढून घेतला.

"ऐक! ऐक गाढवा! तू मारलं नाहीस. मी मारलं."

"सर..."

"गप! गुन्हा तुझ्या नावावर लागला की चारित्र्य पडताळणीत गेलास तू. जन्माचा गेलास. दांडा माझ्या हातात होता." त्यानं पोरांकडं मान वळवली. फुटक्या तोंडातून रक्त उडत होतं. "चव्वेचाळीस जणांनी ऐकलं का? उस्ताद प्रशांतला मारत होते, मी दांडा हिसकावला आणि घातला. एवढंच घडलं."

"पन सर, त्याच्यावर नाव माझं हाय," प्रशांत हुंदके देत म्हणाला.

"म्हणूनच. तुला मारायला काढला होता."

मग संदीप म्हणाला, "आमी बघितलं, सर. तुमीच घातला." आणि एकेक करून सगळी तेच म्हणाली.

उसाच्या टेम्पोत घालून काकासाहेबांना राहुरीच्या दवाखान्यात नेलं. शेजारी वाल्मिक, छाती धरून. बाजूला प्रशांत, त्याला पाय टेकवत नव्हता. काकासाहेबांना अकरा टाके पडले. कवटी शाबूत होती. वाल्मिकच्या दोन बरगड्या गेल्या होत्या. प्रशांतच्या पायाचं हाड वाचलं होतं. सूज उतरली तर पळेल, असं डॉक्टरनं सांगितलं. हे ऐकून वाल्मिक भिंतीला टेकून रडला. दुखत होतं म्हणून रडला असं नर्सला वाटलं.

दुपारी ठाण्यातून भागवत हवालदार आला. पोरांचे जबाब घेतले. चव्वेचाळीस जबाब, सगळे एकासारखे एक. त्यामुळंच हवालदाराला संशय आला. तो वाल्मिकला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "मास्तर, बरगड्या मोडलेल्या असताना तुम्ही ह्या रेड्याला आडवा केला?"

"राग आला होता."

"तुम्हाला? राग?" त्यानं वही मिटली. "ढोकणे शुद्धीवर आलेत. त्यांनाच विचारू. ज्याचं डोकं फुटलं त्याला माहीत असणार."

वाल्मिकच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. फटका समोरून बसला होता. उस्तादांनी हात बघितला होता.

खाटेवर काकासाहेब पडले होते. अर्ध्या डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद. हवालदारानं दोघांनाही खाटेजवळ उभं केलं, वाल्मिक आणि प्रशांत. प्रशांतचे ओठ पांढरेफटक पडले होते. त्याची नोकरी, त्याच्या बापाचा जन्म, सगळं त्या एका उघड्या डोळ्यात अडकलं होतं.

"ढोकणे, कुणी मारलं?"

उघडा डोळा आधी प्रशांतवर गेला. तिथंच राहिला. बराच वेळ राहिला. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याची चाकं वाजली. मग डोळा वाल्मिककडं वळला.

"दुशिंग मास्तरनं," काकासाहेब म्हणाले.

"नक्की?"

"समोरून मारलं. मी बघत हुतो." त्यांनी श्वास घेतला. "साळवे, ग्राउंड कवा हाय?"

"चौदाला, उस्ताद."

"मग हितं काय करतोय? पायाला बरफ लाव जा."

का सांगितलं असं त्यांनी? वाल्मिक ते विचारायला ओणवा झाला. पोरासाठी? का अकॅडमीच्या पोरानं उस्तादाला आडवा केला हे जगाला कळू नये म्हणून? का निव्वळ मास्तरचा सूड? काकासाहेबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "ह्याला घेऊन जावा. ह्याचं थोबाड मला नगं." वाल्मिकच्या मनातला त्या माणसाचा राग तसूभरही कमी झाला नव्हता, आणि तरी त्याचे पाय धरावेत असंही त्याला वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

हवालदारानं त्याचा दंड धरून बाहेर काढलं. व्हरांड्यात कचरू उभा होता. समारंभाला आलेला, रात्री राहुरीतच एका सोयऱ्याकडं राहिलेला, खबर कळताच धावत आलेला. डोक्यावरची टोपी हातात चुरगळलेली.

"ह्योच का?" त्यानं हवालदाराला विचारलं.

"हाच."

कचरूनं वाल्मिकच्या सुजलेल्या गालावर काडकन ठेवून दिली. ऊसतोड्याचा हात. वाल्मिक भिंतीवर जाऊन आदळला, टाका घातलेला ओठ परत फुटला.

"उस्तादावर हात टाकतो, भाड्या? माझं पोर हाताशी आलं हुतं! अकॅडमी बंद पडली असती तर कुठं गेला असता त्यो? कुनाच्या दारात उभं केलं असतं मी त्याला?"

त्यानं परत हात उगारला. प्रशांत लंगडत दोन पावलं पुढं आला, "आबा, आबा, ऐका..." म्हणत. त्याचं तोंड उघडलं होतं. सगळं बाहेर पडणार होतं.

वाल्मिकनं त्याच्याकडं बघून मान हलवली. नाही.

प्रशांत थांबला. त्यानं बापाला मागून कवळ्यात धरलं आणि बापाच्या पाठीवर तोंड दाबून रडायला लागला. कचरू त्याच्या हातावर थोपटत म्हणाला, "रडू नगो. उस्ताद वाचलं न्हवं? झालं तर मग." वाल्मिक ओठावरचं रक्त बाहीला पुसत पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला.